जंगल चालतं ते बीटवर

राज्यातल्या सहा व्याघ्र प्रकल्पांपैकी पाच आपल्या विदर्भात आहेत: मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा आणि बोर. मेळघाट सगळ्यात जुना, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. बोर २०१४ चा आणि गाभ्याच्या आकाराने सगळ्यात लहान. सुट्टीत येणाऱ्याला यातलं गेट दिसतं, जिप्सी दिसते आणि नशीब असेल तर वाघ. केंद्राच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गाभा क्षेत्राच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त भागात पर्यटन नेता येत नाही, म्हणजे बाकीचं ८० टक्के जंगल जिप्सीतून कुणाला दिसतच नाही. कारभाराचा जीव तिथे आहे. त्यामुळे इथे गेटबद्दल कमी आणि बीटबद्दल, म्हणजे एका वनरक्षकाच्या वाट्याला येणाऱ्या जंगलाच्या तुकड्याबद्दल, जास्त लिहितो आहे.

आधी कोण कुणाचं ते पाहू. गावात सगळेच ‘फॉरेस्टवाले’, पण घरं तीन आहेत: वन्यजीव विभाग, प्रादेशिक विभाग आणि वनविकास महामंडळ. एका नाल्याच्या अलीकडे एकाची हद्द, पलीकडे दुसऱ्याची, असं सर्रास असतं. ताडोबात १९५५ सालचं ११६.५५ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आणि १९८६ चं अंधारी अभयारण्य मिळून सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा गाभा होतो. भोवती २०१० मध्ये सुमारे ११०० चौरस किलोमीटरचं बफर घोषित झालं. आता दोन्हीवर क्षेत्र संचालक एकच, त्याच्या हाताखाली गाभ्याचा उपसंचालक वेगळा आणि बफरचा वेगळा. पूर्वी गाभ्यातून बाहेर पाऊल टाकलेला वाघ दुसऱ्याच कार्यालयाच्या कागदावर जायचा आणि गावकरी दोन्ही दारांत उभा राहायचा. बफर एका हाताखाली आल्याने हा घोळ बराच कमी झाला, पण बफरच्या पलीकडे तो अजून आहे. ब्रम्हपुरी विभागात वाघ भरपूर आहेत, आणि तो सगळा प्रादेशिकचा कारभार.

उपसंचालकाखाली सहायक वनसंरक्षक, त्याखाली वनपरिक्षेत्र अधिकारी म्हणजे आरएफओ, मग क्षेत्र सहायक आणि शेवटी बीटवरचा वनरक्षक. बीट साधारण दहा-पंधरा चौरस किलोमीटरचं असतं आणि त्यात क्रमांक दिलेले कक्ष. वरची सगळी पदं बैठकांत आणि कागदात असतात. प्रत्यक्ष जमिनीवर एक वनरक्षक आणि त्याच्यासोबत दोन-तीन वनमजूर. संरक्षण कुटीत राहणं, सौर दिवा, वायरलेस संच, पाण्याचे कॅन. बीट रिकामं पडलं की शेजारच्या वनरक्षकाकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ येतो आणि मग दोन्ही बीटं अर्धवट राखली जातात. एखाद्या प्रकल्पाची तब्येत बघायची असेल तर वाघांचा आकडा नंतर विचारा, आधी किती बीटं अतिरिक्त कार्यभारावर आहेत ते विचारा.

पैशाच्या दोन पिशव्या आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ ला दुरुस्ती झाली तेव्हापासून प्रत्येक प्रकल्पाला व्याघ्र संवर्धन आराखडा लागतो. तो दहा वर्षांचा असतो आणि त्यातून दर वर्षीची कार्ययोजना निघते. आवर्ती खर्चात केंद्र-राज्य निम्मे-निम्मे, अनावर्ती खर्चात केंद्राचे ६० टक्के. अडतं ते रकमेपेक्षा वेळेवर. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, मंजुरी आणि हप्ते पुढे सरकतात, आणि जंगलाची निकड असते डिसेंबर ते मे. जानेवारीत मजूर लावायचेत आणि अनुदान टेबलावर अडकलंय, हे नेहमीचंच. इथे दुसरी पिशवी कामी येते: व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान. गेटवरची फी सरकारी तिजोरीत न जाता प्रतिष्ठानात जमा होते, आणि त्यातून मजुरी, टँकर, किरकोळ दुरुस्ती भागवता येते. नियामक मंडळाचे अध्यक्ष वनमंत्री, कार्यकारी समितीचे क्षेत्र संचालक. व्यवस्था चांगली आहे, पण तिच्यात एक असमानता दडली आहे. ताडोब्याला गर्दी आहे म्हणून त्याचं प्रतिष्ठान भक्कम. मेळघाटात काम तेवढंच किंवा डोंगरामुळे जास्तच, पण गेटवर गर्दी पातळ. वाघ पटकन दिसत नाही तिथे पैसाही पटकन येत नाही.

आता जाळरेषा. हा विषय पर्यटनाच्या पत्रकात कधी येत नाही, पण वर्षातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे असं माझं मत आहे. वणव्याचा हंगाम कागदावर १५ फेब्रुवारी ते १५ जून. त्याआधी हद्दीवर, रस्त्याच्या कडेने आणि कक्षांच्या सीमेवर गवत-पाचोळा काढून पट्टे मोकळे करायचे. जागेनुसार ते १२, ६ किंवा ३ मीटर रुंद असतात. पद्धत अशी: आधी पट्ट्याच्या दोन्ही कडा कापून, झाडून स्वच्छ करायच्या. कापलेलं गवत मध्ये ओढायचं, वाळू द्यायचं, आणि वारा पडलेला असताना, म्हणजे संध्याकाळी किंवा पहाटे, मधला भाग जाळायचा. दोन्ही कडांना माणसं उभी राहतात, हातात हिरव्या फांद्या, पाठीवर पाण्याचा पंप, आता बहुतेक ठिकाणी ब्लोअरही. मोळ्या करून एका जागी ढीग लावून जाळणं चुकीचं, कारण ढिगाची झळ वरच्या सागाच्या फांद्यांपर्यंत जाते आणि खालचा निखारा दोन दिवस धगधगत राहतो.

चुका दोन तऱ्हेच्या होतात. फार लवकर, डिसेंबरच्या सुरुवातीला जाळायला गेलं तर दवाने गवत ओलं असतं. वरचं टोक जळतं आणि खालचा बुडखा तसाच राहतो. फार उशिरा, फेब्रुवारीच्या शेवटी गेलं तर हवा कोरडी झालेली असते आणि जाळरेषेचीच आग जंगलात शिरते. आणि वेळेवर जाळलं तरी काम संपत नाही. आपलं जंगल सागाचं आणि बांबूचं, पानगळीचं. जानेवारीत स्वच्छ केलेल्या पट्ट्यावर मार्चमध्ये पुन्हा घोटाभर पाचोळा पडतो. सागाचं एक पान म्हणजे पत्रावळच. ते वाळलं की पट्टा ओलांडायला आगीला तेवढा पूल पुरतो. म्हणून मार्चमध्ये सगळी जाळरेषा पुन्हा झाडावी लागते. ब्लोअर आल्यापासून हे काम झपाट्याने होतं, पण पेट्रोल आणि बिघडलेली मशीन दुरुस्त करायला माणूस, या दोन गोष्टींची तरतूद अनेकदा मशीन घेतानाच विसरलेली असते.

आग लागते ती बहुतेक माणसाच्याच हातून. मार्च-एप्रिलात मोहफूल पहाटे गळतं, पाचोळ्यात पडलेलं फूल वेचायला जड जातं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि विझवायचं राहतं. झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या अंथरल्या तर आगीची गरजच उरत नाही, फूलही स्वच्छ मिळतं. दुसरं कारण तेंदूपत्ता: जमीन जाळली की नवी पालवी चांगली फुटते हा समज. झुडपं छाटली तरी तीच पालवी येते, पण छाटायला मजुरी लागते आणि काडीपेटी स्वस्त आहे.

आगीची खबर आता उपग्रहाकडून येते. भारतीय वन सर्वेक्षण मोबाईलवर संदेश पाठवतं. मात्र उपग्रह दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातो, मधल्या वेळात लागलेली आग त्याला उशिरा कळते. शिवाय एक ठिपका म्हणजे ३७५ मीटरचा चौकोन. शेतातली धसकटं जाळली तरी संदेश येतो. त्यामुळे मचाणावर बसलेला फायर वॉचर आणि त्याचा वायरलेस याला पर्याय नाही. मेळघाटात तर उताराचा वेगळा त्रास: आग चढणीला धावते, आणि जळका ओंडका घरंगळत खाली येऊन विझलेल्या बाजूला नवी आग लावतो. पोकळ मोहाच्या खोडात शिरलेली आग बाहेरून दिसत नाही, दुसऱ्या दिवशी झाड पडतं तेव्हा कळतं. ‘आग विझली’ असं वायरलेसवर कळवायच्या आधी काठाने पूर्ण फेरी मारून प्रत्येक धुराची जागा उकरून बघायची, ही रीत त्यासाठीच.

गवताचं काम याच्या उलट, पावसाळ्यात. गाभ्यातून गावं उठली, उदाहरणार्थ ताडोबातलं नवेगाव-रामदेगी आणि जामणी, की शेतांच्या जागी कुरणं तयार होतात. पण आपोआप होत नाहीत. पडीक शेतात पहिल्यांदा येतो तो तरोटा, मग रानतुळस, कडेने घाणेरी. हे सगळं बी धरायच्या आत, ऑगस्ट-सप्टेंबरात, ओल्या जमिनीतून मुळासकट उपटायचं. ऑक्टोबर उजाडला की बी गळतं आणि पुढच्या वर्षी दुप्पट मेहनत. चितळ-सांबर तरोट्याला तोंड लावत नाहीत, त्यामुळे चरून तो कमी होईल या आशेवर बसू नये. पवन्या-मारवेल या चाऱ्याच्या गवतांचं बी पिकल्यावर खुडून ठेवायचं आणि पुढच्या पावसात टाकायचं. तीन-चार हंगाम सलग केलं तर कुरण उभं राहतं. मध्ये एक वर्ष चुकलं तर जवळपास पहिल्यापासून सुरुवात.

पाण्याबद्दल लोकांचा समज असा की जितके जास्त पाणवठे तितकं बरं. तसं नाही. पाणी जिथे कायम आहे तिथे चितळांचे कळप बसून राहतात, भोवतालचं गवत बुडापर्यंत खाल्लं जातं, आणि वाघाची जागा ठरलेली असल्याने शिकाऱ्याचीही ठरते. नैसर्गिक झरे, डोह, नाल्यातले झिरे आधी उकरून मोकळे करायचे, ऑक्टोबर-नोव्हेंबरात रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांत वाळू भरून वनराई बंधारे घालायचे, आणि तरीही जो भाग कोरडा राहतो तिथेच बोअर आणि सौर पंप. सिमेंटचं टाकं बशीच्या आकाराचं हवं. उभ्या भिंतीच्या टाक्यात पिल्लं आणि सरपटणारे प्राणी पडले की चढून येत नाहीत. मे महिन्यात आपल्याकडे उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सेंटिमीटरभर तरी उतरते. चार मीटर व्यासाच्या बशीतून रोज सव्वाशे लिटर नुसतं हवेत जातं. त्यावर गवे आणि सांबरं. पाच हजार लिटरचा टँकर किती दिवस पुरेल याचा हिशेब या वजाबाकीनंतर करायचा असतो.

सौर पंप चांगला, पण त्याला विसरता येत नाही. पॅनेलवर धुळीचा थर बसला की ऐन एप्रिलात धार बारीक होते; आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसणं हे वनमजुराच्या कामात लिहिलेलं असावं. माकडं वायर ओढतात म्हणून वायर पाइपात घालून पुरायची. बशी भरली तरी पंप चालूच राहिला तर सभोवती चिखल होतो आणि बोअर आटते, म्हणून बंद करणारा फ्लोट हवा. शेवाळ वाढलं की बशी रिकामी करून घासायची.

रोज सकाळी पाणवठ्यावर पहिली नजर काठावर टाकायची. मेलेले बेडूक, मासे, मधमाश्या किंवा चिमण्या दिसल्या तर पाण्यात युरिया किंवा कीटकनाशक घातल्याचा संशय घ्यायचा, पाण्याचा नमुना बाटलीत बंद करायचा आणि बशी उपसेपर्यंत तिथून हलायचं नाही. सोबत पायवाटांच्या कडेने फासे बघायचे. हे फासे बहुतेक ब्रेकच्या किंवा क्लचच्या तारेचे असतात, वाटेवर गुडघ्याच्या उंचीला. मातीत पुरलेले लोखंडी सापळे डोळ्यांना दिसत नाहीत, त्यासाठी मेटल डिटेक्टर.

पण विदर्भात शेताच्या कडेला वाघाला जास्त धोका आहे तो विजेच्या तारेचा. रानडुकरासाठी धुऱ्यावर सोडलेला जिवंत प्रवाह वाघ, बिबट, बैल आणि माणूस यांत फरक करत नाही. यावर सगळ्यात साधा आणि कामाचा उपाय म्हणजे महावितरणच्या उपकेंद्राशी रोजचा संपर्क. रात्री एखादा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी वीजवाहिनी, कारण नसताना ट्रिप झाला की ऑपरेटरने आरएफओला फोन करायचा आणि गस्तीने त्या फीडरच्या शेतांकडे जायचं. जिथे ऑपरेटर आणि वनरक्षक एकमेकांना नावाने ओळखतात तिथे हे होतं, जिथे फक्त परिपत्रक आहे तिथे होत नाही.

गस्तीची नोंद एम-स्ट्राइप्स या ॲपवर होते. चाललेली वाट नकाशावर उमटते, पाऊलखुणा, शिकार, तोड यांची जागेसकट नोंद. महिन्याच्या बैठकीत किलोमीटरची बेरीज वाचून दाखवतात आणि ती नेहमी भरघोस असते, कारण मोटारसायकलने रस्त्यावरून वीस किलोमीटर सहज होतात. खरं कळतं ते नकाशावरचे कोरे चौकोन बघितल्यावर. शहाणा आरएफओ बेरीज बाजूला ठेवतो आणि विचारतो, या कक्षात तीन आठवडे कुणी का गेलं नाही? उत्तर बहुतेक नाल्याला पूर, दाट बांबू किंवा अस्वल, असं असतं. तिघंही शिकाऱ्याला अडवत नाहीत. म्हणूनच पावसाळी गस्त वेगळी आखतात, पायी आणि मुक्कामाची.

दर चार वर्षांनी व्याघ्र गणना. आधी प्रत्येक बीटमध्ये मांसभक्षी प्राण्यांच्या खुणांसाठी पायी पाहणी, मग तृणभक्षींसाठी दोन किलोमीटरची सरळ रेषा, रोज पहाटे. हे काम कागदावर जितकं सोपं दिसतं तितकं नाही: नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात अशाच पाहणीवर निघालेल्या महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्यानंतर कॅमेरे. दोन चौरस किलोमीटरच्या प्रत्येक चौकोनात एक जोडी, वाटेच्या दोन्ही बाजूंना, किमान २५ दिवस. जोडी लागते कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात.

कॅमेरा बांधण्यातच निम्मं यश असतं. जमिनीपासून ४०-४५ सेंटिमीटर, साधारण गुडघ्याइतका. समोरासमोर नेमके लावले तर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या फोटोवर पांढरा येतो, म्हणून थोडे तिरपे. पूर्व-पश्चिम तोंड टाळायचं, उगवता-मावळता सूर्य सेन्सरला फसवतो. समोरचं गवत तीन-चार मीटर साफ करायचं, नाहीतर तापलेल्या गवताच्या हलण्याने हजारो कोरे फोटो निघतात आणि बॅटरी संपते. भर उन्हाळ्यात हवा अंगाइतकी तापली की सेन्सरला जनावर वेगळं कळेनासं होतं. सेल बदलल्यावर तारीख-वेळ तपासायची. काही कॅमेऱ्यांचं घड्याळ मागे जातं आणि मग सगळी माहिती कागदावर सुधारत बसावी लागते. म्हणून वनरक्षक प्रत्येक वेळी चौकोनाचा क्रमांक आणि तारीख लिहिलेली पाटी कॅमेऱ्यासमोर धरून एक फोटो काढून घेतो.

गेटबद्दल थोडक्यात. ताडोब्याचं गाभा क्षेत्र मंगळवारी बंद आणि पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, झरी, पांगडी, खुटवंडा ही गाभ्याची गेटं. जिप्सीत सहा पर्यटक, चालक आणि गाईड. नियमाने प्राण्यापासून २० मीटर, दोन गाड्यांत ५० मीटर अंतर. ३१ डिसेंबर २०२४ ला पेंच प्रकल्पाच्या अखत्यारीतल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात बछड्यांसह निघालेल्या वाघिणीला जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवलं, आणि नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. एक-दोन गाईड निलंबित केले म्हणून असं थांबत नाही. सगळ्या गाड्यांना एकच रस्ता मोकळा असतो, आणि बक्षिसी वाघ दिसण्यावर ठरते. गाडीगणिक मार्ग आणि वेळ बांधून दिली, उलट्या दिशेने येणं बंद केलं, तर गर्दी कमी होते.

शेवटी बफरमधल्या कास्तकारांसाठी कामाचं. ढोर मारलं गेलं तर ४८ तासांच्या आत वनरक्षकाला कळवा, आणि कळवल्याची वेळ लिहून ठेवा. मृत जनावर जागेवरून हलवू नका. मानेवरचे सुळ्यांचे छेद, ओढत नेल्याची फरफट, कुठून खायला सुरुवात केली, या खुणा जागेवरच असतात. वाघ बहुतेक मागच्या पुठ्ठ्याकडून सुरू करतो, बिबट पोटाकडून. पंचनाम्यावर सरपंच किंवा पोलीस पाटलाची सही आणि पशुधन विकास अधिकाऱ्याचा दाखला लागतो. जनावराच्या कानात बिल्ला हवाच. २०२४ पासून बिल्ला नसेल तर भरपाई देय नाही, आणि अर्ज परत येण्याचं हे सगळ्यात मोठं कारण होऊ शकतं. मेलेल्या ढोरावर कुणी रागाने औषध टाकू देऊ नका. त्यात वाघ मेला तर गुन्हा लागतोच, आणि परिसरात वन्यप्राणी मेलेला सापडला तर भरपाईचा अर्जही अडतो. पीक नुकसानीची तक्रार तीन दिवसांत द्यायची, सोबत सात-बारा, आधार आणि पासबुकाची प्रत. पासबुकावरचं नाव आणि सात-बारावरचं नाव एक नसेल तर ते आत्ताच, हंगाम सुरू होण्याआधी, तलाठ्याकडून दुरुस्त करून घ्या.